आधी प्रश्न, मग मॉडेल

एम.टेक.चं किंवा एम.एस्सी.चं दुसरं वर्ष सुरू झालं की सिनॉप्सिसची तारीख जवळ येते आणि गाईडच्या केबिनबाहेर विद्यार्थ्यांची गर्दी होते. हातातल्या कागदावरचं शीर्षक मात्र पक्कं असतं. ‘अमुक शहराच्या शाश्वत विकासाचं सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेल’, ‘तमुक उद्योगाच्या पुरवठा साखळीचं सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेल’, ‘महाराष्ट्रातील साखर उद्योग : एक सिस्टिम डायनॅमिक्स दृष्टिकोन’. शीर्षकात शहर असतं, उद्योग असतो, पद्धतीचं नाव असतं. प्रश्न तेवढा नसतो. काय बिघडलंय, कधीपासून बिघडलंय, त्याची झळ कोणाला बसते आणि ते आपोआप का सुधारत नाही, यातलं एकही त्या कागदावर लिहिलेलं नसतं. पुढे वर्षभरात या कागदाचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पन्नास-साठ चलांची, बाणांनी गजबजलेली एक आकृती तयार होते, तिच्यामागे जमतील तशी समीकरणं भरली जातात आणि व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नल शांतपणे विचारतात, ‘बरं, यातून कळलं काय?’

हा सवाल व्हायवाला नव्हे, सिनॉप्सिसच्या आधी विचारला जावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. मॉडेल कसं बांधावं हे शिकवणारी पुस्तकं आहेत आणि ती उत्तम आहेत. जॉन स्टर्मन यांचा 2000 साली आलेला ‘बिझनेस डायनॅमिक्स’ हा जाडजूड ग्रंथ तर जगभर या विषयाचं मुख्य पाठ्यपुस्तक मानला जातो. सॉफ्टवेअरचीही अडचण उरलेली नाही. व्हेन्सिमची शिकण्यापुरती आवृत्ती विद्यार्थ्यांना फुकट मिळते. अडचण आहे ती त्याच्या आधीच्या टप्प्यावर, विषय ठरवण्यात. तिथे चुकीचं वळण घेतलं, तर पुढचं कौशल्य कितीही असो, उपयोग होत नाही.

ज्यांची या पद्धतीशी नुकतीच ओळख होते आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिस्टिम डायनॅमिक्स जगाकडे साठे आणि प्रवाह म्हणून पाहतं. धरणातलं पाणी, गोदामातला माल, कारखान्यातली माणसं, बँकेचं थकीत कर्ज हे साठे. ते एका क्षणात बदलत नाहीत, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रवाहांमुळे हळूहळू बदलतात. माणसं साठ्याकडे पाहून निर्णय घेतात, निर्णयातून प्रवाह बदलतो, प्रवाहातून पुन्हा साठा बदलतो. हे वर्तुळ म्हणजे फीडबॅक. त्यात विलंब मिसळला की शहाणी माणसंही आपल्याच निर्णयांच्या परिणामांमागे धावत सुटतात. ही पद्धत अशाच जागी कामाची आहे, आणि विषय निवडण्याची निम्मी गोष्ट ‘अशीच जागा’ शोधण्यात आहे.

पद्धतीचा जन्मच एका प्रश्नातून झाला. जे फॉरेस्टर मूळचे विद्युत अभियंते, नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेले. एमआयटीत त्यांनी ‘व्हर्लविंड’ हा संगणक उभारला, संगणकाची मॅग्नेटिक कोअर मेमरी विकसित केली आणि 1956 मध्ये ते तिथल्या व्यवस्थापनशास्त्राच्या विभागात, म्हणजे स्लोन स्कूलमध्ये, दाखल झाले. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या काही अधिकाऱ्यांशी त्यांचं बोलणं झालं. कंपनीचे घरगुती उपकरणांचे कारखाने केंटकीत होते. तिथे कधी तीन-चार पाळ्यांत काम चालायचं, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागायचं. अधिकाऱ्यांकडे उत्तर तयार होतं : बाजारातली तेजी-मंदी. फॉरेस्टरना ते पटेना. कारखान्यात माणसं भरती करण्याचे आणि माल साठवण्याचे निर्णय कसे घेतले जातात हे त्यांनी विचारून घेतलं. मग वहीच्या एका पानावर रकाने आखले : शिल्लक माल, कामगार, मागणी. एका आठवड्याचे आकडे मांडायचे, ठरलेल्या नियमांनी पुढच्या आठवड्याचे काढायचे, अशी हातानं केलेली ती आकडेमोड होती. बाहेरून येणारी मागणी स्थिर ठेवली तरी कामगारसंख्या वर-खाली होत राहते, हे त्या पानावर दिसलं. दोष बाजारात नव्हता, निदान सगळा नव्हता. तो कारखान्याच्या स्वतःच्या नियमांत होता.

यातून आलेला लेख 1958 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त छापून आला आणि 1961 मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हे पुस्तक. पण माझ्या लेखी महत्त्वाची गोष्ट ही की फॉरेस्टर ‘अमेरिकेतील घरगुती उपकरण उद्योगाचं मॉडेल’ करायला बसले नव्हते. एका विशिष्ट कारखान्यात एक विशिष्ट रेषा वर-खाली का होते, एवढंच ते विचारत होते. या क्षेत्रातली जुनी शिकवण आहे की मॉडेल समस्येचं करायचं, व्यवस्थेचं नाही. व्यवस्थेला शेवट नसतो. साखर उद्योगात पाऊस येतो, राजकारण येतं, ब्राझीलचं उत्पादन येतं, तोडणी मजुरांच्या मुलांची शाळा येते. हे सगळं खरं आहे आणि सगळंच एकमेकांना जोडलेलं आहे. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे फक्त प्रश्न सांगू शकतो. प्रश्न नसेल तर काहीच सोडता येत नाही, आणि आकृती फुगत जाते.

म्हणून माझी पहिली अट अशी : विषय सांगू नका, रेषा काढून दाखवा. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर ज्याची चिंता वाटते ती गोष्ट. ती रेषा वाढत गेली, कोसळली, झोके घेत राहिली की वाढून एका पातळीला अडकली? या क्षेत्रात तिला ‘रेफरन्स मोड’ म्हणतात. ही रेषा ज्याला काढता येत नाही त्याच्याकडे अजून विषय नाही, आवड आहे. आवड असायलाच हवी, पण तिच्यावर सिनॉप्सिस मंजूर करू नये.

एका पदव्युत्तर प्रबंधाची हकीकत इथे सांगतो, कारण ‘मास्टर्सच्या कामाला कोण विचारतो’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. 1972 मध्ये एमआयटीत रॉजर नेल या विद्यार्थ्यानं अमेरिकेतल्या नैसर्गिक वायूवर प्रबंध लिहिला. त्याची रेषा स्पष्ट होती. गॅसचा वापर वर्षानुवर्षं वाढत होता आणि 1960च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध साठे मात्र घसरायला लागले होते. यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी 1956 मध्ये मांडलेली कल्पना, की संपणाऱ्या इंधनाचं उत्पादन वाढतं, शिखर गाठतं आणि उतरतं. दुसरी म्हणजे भावनियंत्रण. 1954 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फेडरल पॉवर कमिशन विहिरीच्या तोंडाशीच गॅसचा भाव ठरवत होतं. नेलनं मोजकेच घटक घेतले. जमिनीखाली अजून न सापडलेला वायू आणि सापडून सिद्ध झालेला वायू हे दोन साठे, त्यांच्यामध्ये शोधाचा प्रवाह आणि दुसऱ्यातून बाहेर पडणारा वापराचा प्रवाह. न सापडलेला साठा आटत जातो तसा शोधाचा खर्च वाढतो, साठा आणि वापर यांचं गुणोत्तर भावावर परिणाम करतं, भाव शोधातल्या गुंतवणुकीवर आणि मागणीवर परिणाम करतो. सगळी मांडणी एका पानावर मावते. आता भावनियंत्रण ठेवलं तर काय होईल आणि काढलं तर काय होईल, हे चालवून बघता येतं.

पुढे याच धाग्यातून नेलची कोळशावरची मॉडेलं आली, मग ‘फॉसिल’ नावाची मॉडेलं आली आणि त्यातलं ‘फॉसिल-2’ अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात धोरणं तपासण्यासाठी वर्षानुवर्षं वापरात राहिलं. कथेला एक उपकथा आहे आणि ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेचं गॅस उत्पादन 1973 मध्ये शिखरावर पोचून खरंच उतरलं. पण 2011 मध्ये शेल गॅसच्या जोरावर त्यानं जुनं शिखर ओलांडलं. ‘न सापडलेला वायू’ हा ठरीव आकडा धरला होता. खडकात अडकलेला वायू परवडेल अशा खर्चात बाहेर काढणारं तंत्र मॉडेलच्या सीमेबाहेर होतं. म्हणजे प्रबंध फसला का? माझं मत तसं नाही. 1972 च्या प्रश्नाला 1972 ची सीमा योग्यच होती आणि ती उघडपणे लिहिलेली होती, म्हणून तर आज आपण नेमकं बोट ठेवू शकतो. ज्या मॉडेलची सीमा कुठे आहे हेच समजत नाही, त्याला चूक ठरवण्याचीही सोय नसते.

आता आपल्या अंगणातलं उदाहरण, तेही सुरुवातीच्या त्या साखर उद्योगाच्या शीर्षकातून काढलेलं. महाराष्ट्राचं साखरेचं उत्पादन हंगामवार पाहू. 2014-15 मध्ये सुमारे 105 लाख टन, त्यापुढे 84, मग 2016-17 मध्ये एकदम 42, लगेच 2017-18 मध्ये 107, पुढच्या वर्षीही 107, 2019-20 मध्ये 62, नंतर 106 आणि 2021-22 मध्ये 137. ही झाली रेषा. कोणालाही विचारा, उत्तर मिळेल ‘दुष्काळ’. ते खरंही आहे. 2015 आणि 2018 च्या अपुऱ्या पावसाचा पुढच्या हंगामांवर परिणाम झाला, 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरानं भर घातली. पण केंटकीच्या अधिकाऱ्यांचं ‘तेजी-मंदी’ हे उत्तर जसं अर्धं होतं, तसंच हेही अर्धं आहे. पाऊस पडतो-थांबतो हे आपल्या हातात नाही, ते मॉडेलमध्ये बाहेरून येऊ दे. मला विचारायचं आहे ते वेगळंच : ऊस निम्म्यावर येऊन एका वर्षात पूर्वपदाला जातो कसा? आणि त्या घाईत मागे काय साचून राहतं?

पहिल्या भागाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. उसाला एफआरपीचं, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचं, कायद्यानं ठरलेलं संरक्षण आहे, कायदा चौदा दिवसांत पैसे द्या म्हणतो (देणी थकतात, हा वेगळा फीडबॅक). कारखान्यांची गाळप क्षमता दुष्काळात कमी होत नाही, ती उसाची वाट बघत उभीच असते. सोयाबीन किंवा कांद्याच्या भावाची अशी हमी शेतकऱ्याला कोणी देत नाही. म्हणून पाणी आलं की ऊस लागतो.

दुसरा भाग मला जास्त रसाचा वाटतो. दुष्काळात उभा ऊस वाचवायला शेतकरी बोअर मारतो, असलेली खोल करतो, मोटार मोठी बसवतो. काही ऊस जनावरांच्या छावणीला जातो, बेण्याची टंचाई होते, तेवढी एक-दोन हंगामांची अडचण. मग चांगला पाऊस होतो, दख्खनच्या बेसॉल्टमधल्या उथळ विहिरी एका पावसाळ्यात भरतात आणि सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं. पण दुष्काळात मारलेली बोअर पाऊस आला म्हणून कोणी बुजवत नाही. उपशाची क्षमता हा असा साठा आहे की त्यात फक्त भर पडते, वजाबाकी जवळजवळ नाही. म्हणजे प्रत्येक दुष्काळ पुढच्या दुष्काळासाठी जास्त ताकदीचा उपसा मागे ठेवून जातो का, आणि त्यामुळे पुढच्या वेळी पाणी अधिक लवकर संपून ऊस अधिक जोरात कोसळतो का? हे मी सिद्ध झालेलं म्हणून सांगत नाही. हे गृहीतक आहे, आणि एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रापुरतं, वीसेक वर्षांच्या काळापुरतं ते तपासणं हा उत्तम पदव्युत्तर प्रबंध आहे. ‘महाराष्ट्रातील साखर उद्योग’ हा नाही.

या विषयाची खरी गंमत समीकरण लिहायला बसलं की कळते. विद्यार्थी लागवड आणि गाळप यांच्यामध्ये ‘सरासरी पंधरा महिन्यांचा विलंब’ टाकतो आणि सॉफ्टवेअरमधला सर्वांत सोपा, पहिल्या श्रेणीचा विलंब निवडतो. त्याचा अर्थ काय होतो? साठ्याला पंधरानं भागून दर महिन्याचा बाहेरचा प्रवाह निघतो. म्हणजे जुलैत लावलेल्या उसाचा पंधरावा हिस्सा ऑगस्टपर्यंत तोडून गाळपाला गेलेला असतो. ऑगस्टमध्ये कारखान्याचं धुराडं बंद असतं आणि तो ऊस गुडघ्याएवढाही झालेला नसतो! ही चूक संगणक दाखवत नाही, आलेखही दिसायला छान येतो. कारखान्याच्या शेती विभागात तास-दोन तास बसलेल्या माणसाला मात्र ती लगेच दिसते. तिथे ‘ऊस’ असा शब्दच फारसा वापरत नाहीत. जुलै-ऑगस्टचा तो आडसाली, सोळा-अठरा महिन्यांचा; ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी, चौदा-पंधरा महिन्यांचा; जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू, बारा महिन्यांचा; आणि तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारा खोडवा. तोडणी झाली म्हणजे रान मोकळं झालं असं नाही, बरंचसं क्षेत्र खोडव्याच्या साठ्यात जातं. ऊस ठेवायचा की दुसरं पीक घ्यायचं हा निर्णय शेतकरी दरवर्षी घेतच नाही, खोडवा मोडायच्या वेळी घेतो. भाव पडला तरी क्षेत्र लगेच का घटत नाही, याचं निदान अर्धं उत्तर इथे मिळतं. लागवडीची तारीख, प्रकार, क्षेत्र हे सगळं ऊसनोंदीत असतं आणि नोंद खरी किती, हे स्लिपबॉयला, म्हणजे रानात जाऊन नोंदी घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, माहीत असतं. त्याच्याशी बोलल्याशिवाय हा प्रबंध करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्रश्न येतो की चारही प्रकार मॉडेलमध्ये वेगळे ठेवायचे का. वीस वर्षांतल्या उपशाच्या क्षमतेचा प्रश्न असेल तर नको. लागणीचा एक साठा आणि खोडव्याचा एक पुरतो, फक्त विलंब असा घ्या की ऊस पिकायच्या आधी बाहेर पडणार नाही. एका हंगामात तोडणी कार्यक्रम का कोलमडतो हा प्रश्न असेल तर चारही हवेत, आणि तेव्हा पाण्याच्या साठ्याचा तपशील कमी केला तरी चालेल. प्रश्न बदलला की त्याच रानाचं मॉडेल बदलतं.

मॉडेलच्या आकाराबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती असते की लहान मॉडेल म्हणजे कमी मेहनत दिसेल, गुण कमी पडतील. ही भीती काही प्रमाणात आपण शिक्षकांनीच घातली आहे. त्यावर एवढंच सांगतो की फॉरेस्टरनी 1971 च्या ‘वर्ल्ड डायनॅमिक्स’मध्ये साऱ्या जगाचं जे मॉडेल मांडलं त्यात साठे होते पाच : लोकसंख्या, भांडवल, त्यातला शेतीकडे जाणारा हिस्सा, नैसर्गिक संसाधनं आणि प्रदूषण. त्या पुस्तकावर टीका पुष्कळ झाली, त्यातली बरीच योग्य होती. पण ‘साठे कमी आहेत म्हणून मेहनत कमी’ असं कोणी म्हटलं नाही. प्रत्येक समीकरणाचा बचाव करता येईल एवढंच मॉडेल करा. व्हायवाला समोरचा माणूस कोणत्याही बाणावर बोट ठेवून ‘हा इथे का?’ विचारू शकतो.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणी वळत नाही : मॉडेल अगदी लहान ठेवायचं आणि अभ्यास माणसांचा करायचा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठात सिस्टिम डायनॅमिक्सचा स्वतंत्र मास्टर्स अभ्यासक्रम आहे. तिथले एर्लिंग मॉक्सनेस यांनी रेनडिअरच्या कुरणाचा प्रयोग केला. एकच साठा, रेनडिअर खातात ती दगडफुलासारखी वनस्पती. ती आधीच अतिचराईनं खालावलेली आहे. दरवर्षी किती जनावरं ठेवायची ते तुम्ही ठरवा. कुरण एकट्याच्या मालकीचं, म्हणजे ‘सगळ्यांचं म्हणून कोणाचंच नाही’ ही सबब नाही. तरीही बहुतेक जण जनावरं पुरेशी कमी करत नाहीत आणि कुरण आणखी खालावतं. साठा आणि प्रवाह यांतला फरक सुशिक्षित माणसांच्याही हातातून निसटतो, हे यातून दिसतं. हाच प्रयोग विहिरीच्या पाण्यावर आपल्याकडच्या शेतकऱ्यांबरोबर, कृषी सहायकांबरोबर, अगदी आपल्याच वर्गातल्या मुलांबरोबर करता येईल. फक्त तो नीट आखायला संख्याशास्त्र यायला हवं.

काही विषय टाळा, असं मी सरळ सांगतो. ‘बिअर गेम’ हा पुरवठा साखळीचा प्रसिद्ध खेळ नव्या मालाचं नाव देऊन पुन्हा खेळू नका. बिअरच्या जागी औषधं घातली म्हणून नवं काही निघत नाही. कोविडच्या लाटेचं मॉडेलही आता पुरे, तुमच्याकडे लोकांच्या वागण्यातल्या बदलाबद्दल स्वतंत्र माहिती असेल तर गोष्ट वेगळी. ‘शाश्वत विकास’ हा शब्द शीर्षकात आला की मी कागद परत करतो, कारण त्याची रेषा आजवर कोणीही मला काढून दाखवलेली नाही.

काही विषय चांगले असतात, पण पद्धत चुकीची असते. टोलनाक्यावर किती लेन ठेवाव्यात, हा रांगांचा प्रश्न आहे. बसचा मार्ग कसा आखावा हा इष्टतम मार्गाचा. कोणतं बियाणं जास्त उतारा देतं हे प्रक्षेत्रावर लावून, मोजून ठरतं. यात फीडबॅक नाही किंवा नगण्य आहे. ओढूनताणून वर्तुळं काढली तर आकृती होईल, शोध होणार नाही. एक खूण सांगतो : समस्येत अडकलेली माणसं आपापल्या जागी समंजस वागत असूनही सगळ्यांचं मिळून वाईट होत असेल, तर ही पद्धत वापरा. पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांची गर्दी का ओसरत नाही, हा असा प्रश्न आहे. जागा थोड्या, नवे येणारे पुष्कळ, पण बाहेर पडण्याचा प्रवाह अडतो, कारण जितकी वर्षं गेली तितकं परतणं अवघड. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण वर्षानुवर्षं चालूनही संख्या का घटत नाही, हाही तसाच. कांद्याचा तर विचारूच नका : भाव, पुढच्या हंगामाची लागवड, चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा आणि मध्येच येणारी निर्यातबंदी. सगळा मसाला आहे आणि बाजार समित्यांच्या आवक-भावाच्या नोंदी रोजच्या रोज मिळतात. मात्र कांद्याकडे वळणारे फार, त्यामुळे आधीचं काम वाचल्याशिवाय हात घालू नये.

माहितीबद्दल दोन शब्द. आकडे मिळत नाहीत म्हणून विषय सोडणारे असतात, आणि आकडे मिळतात म्हणून विषय घेणारे त्याहून जास्त असतात. दुसरे अधिक धोक्याचे. या पद्धतीत माणसांच्या डोक्यातली माहिती हीसुद्धा माहितीच आहे. फॉरेस्टरनी तिला कायम लेखी नोंदींच्या आणि आकड्यांच्या वरचं स्थान दिलं. निर्णय कसा घेतला जातो हे कोणत्याच तक्त्यात नसतं, तो घेणाऱ्याला विचारावं लागतं. म्हणून सिनॉप्सिसच्या आधी स्वतःला विचारा : या समस्येत रोज निर्णय घेणारी निदान चार माणसं मला तासभर वेळ देतील का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर विषय कितीही देखणा असो, दुसरा शोधा. गाईडना ही पद्धत फारशी परिचित नसेल, तर तेही पहिल्याच भेटीत मोकळेपणानं बोलून घ्या आणि पद्धतीसाठी एखाद्या जाणकाराला सहमार्गदर्शक म्हणून जोडून घ्या. पुष्कळ विभागांत याला हरकत नसते, विचारणारेच नसतात.

आणि तपासणी. मॉडेल बरोबर आहे की नाही हे शेवटच्या प्रकरणात बघू, असं चालत नाही. फॉरेस्टर आणि पीटर सेंगे यांनी 1980 मध्ये विश्वास वाढवणाऱ्या चाचण्यांची यादी मांडली, तुर्कस्तानचे यमन बार्लास यांनी 1996 मध्ये तिची नीट क्रमवार व्यवस्था लावली. त्यांचा भर जुन्या आकड्यांशी रेषा जुळवण्यावर नाही, रचना तपासण्यावर आहे. पाऊस शून्य करा, ऊस शून्यावर जातो का? एफआरपी दहापट करा, रान जिल्ह्याच्या क्षेत्रफळापेक्षा मोठं होतं का? एककं दोन्ही बाजूंना जुळतात का? विषय निवडतानाच असं एक तरी वाक्य लिहून ठेवा : ‘अमुक दिसलं तर माझं गृहीतक चुकलं असं मी मानीन.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर तुम्ही संशोधन करत नाही, आधीच ठरलेल्या मताला आकृती चिकटवत आहात.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं उदाहरणांसह, सावकाश येईल. क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही. ज्याचा विषय ठरला आहे त्यानं सीमारेषेचं प्रकरण आधी वाचावं, ज्याचा ठरलेला नाही त्यानं रेषा काढण्याचं. शेवटी दोन विनंत्या. तुमच्या मॉडेलची सगळी समीकरणं, एककांसह आणि सुरुवातीच्या आकड्यांसह, परिशिष्टात छापा. जागा वाचवण्यासाठी गाळू नका. दुसऱ्याला चालवून बघता येत नाही असं मॉडेल ग्रंथालयात पडून राहतं. आणि ज्या शेती अधिकाऱ्यानं, स्लिपबॉयनं, अभ्यासिकेतल्या ज्या मुलानं तुम्हाला वेळ दिला, त्यांना निष्कर्षांचा दोन पानी सारांश मराठीत लिहून स्वतः नेऊन द्या, तोही व्हायवाच्या आधी. एक्स्टर्नलच्या नजरेतून सुटलेली चूक ते पकडतील आणि ती दुरुस्त करायला तुमच्या हाती वेळ असेल.